तिच्या मनगटावरची माझी पावलं

मी आयुष्यभर बारीक होतो आणि त्याचा मला माज होता. लग्नातली पँट चाळिशीत होत होती, पन्नाशीत होत होती, आणि निवृत्तीच्या समारंभाला मी मुद्दाम तीच घालून गेलो. भाषणात ते सांगितलंही. कमरेच्या पट्ट्याचं भोक तीस वर्षांत बदललं नाही म्हणालो, तेव्हा टाळ्या पडल्या. खरी गोष्ट अशी की पँट मी पोटाच्या खाली घालत होतो. पोट वरून पुढे आलेलं होतं, पण छोटंसं. शर्ट बाहेर सोडला की दिसत नसे. हातपाय काड्यांसारखे असल्यामुळे त्या पोटाकडे कुणाचं लक्षच जायचं नाही, माझंही नाही.

माझी बायको जाडी. लग्नात नव्हती, मुलगी झाल्यावर झाली. मी तिला ‘टाकी’ म्हणायचो. नेहरू नगरात आमच्या इमारतीसमोर पाण्याची मोठी टाकी आहे, तिच्यावरून. पाहुणे आले की मी म्हणायचो, ‘‘आमच्याकडे पाण्याची चिंता नाही, एक टाकी बाहेर, एक आत.’’ पाहुणे हसायचे. तीही हसायची आणि चहा करायला आत जायची. हा विनोद मी पंचवीस वर्षं केला असेल. आता लिहायचं ठरवलंय तर इथूनच सुरुवात करायला हवी.

माझे वडील राजधानी हलली तेव्हा नागपूरहून सरकारी कचेऱ्यांबरोबर भोपाळला आले. मी इथेच शिकलो आणि सरकारी बांधकामावर उपयंत्री, म्हणजे कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो. आमच्या कामात मोजमापाची वही असते. किती भिंत उठली, किती खोल पाया गेला, ते जागेवर जाऊन फीत लावून मोजायचं आणि वहीत लिहून सही करायची. उन्हातान्हात कोण जाणार, म्हणून टेबलावर बसूनच मापं लिहिण्याचा मोह कुणालाही होतो. मी तसं एकदाही केलं नाही. हाताखालच्या एका पोरसवदा उपयंत्र्याने एकदा केलं, तर मी त्याला चार माणसांत सोलून काढला होता. ‘‘खुर्चीत बसून भिंत मोजतोस? भिंत काय तुझ्या घरी चालत आली होती?’’ असं म्हणालो होतो. त्याचे डोळे भरून आले होते. मला तेव्हा वाईट वाटलं नाही, उलट आपण किती चोख असं वाटलं.

तर असा हा चोख, बारीक माणूस. निवृत्तीनंतर तीनेक वर्षांनी मला तहान फार लागायला लागली, पायाच्या अंगठ्याला झालेली जखम महिना झाला तरी भरेना. मुलगी बंगळूरला असते. तिने फोनवरूनच भंडावून सोडलं आणि साकेत नगरातल्या मोठ्या रुग्णालयाशेजारी एका डॉक्टरणीची वेळ घेऊन दिली. डॉक्टरीण तरुण, आमच्या मुलीएवढीच. तिने रिपोर्ट पाहिले आणि हिंदीत सांगितलं, ‘‘अंकल, शुगर है. और काफी दिनों से है.’’

माझ्या तोंडून निघालं, ‘‘मुझे कैसे? होनी थी तो इनको होनी थी.’’

बायको शेजारच्या खुर्चीवर माझी फाइल मांडीवर घेऊन बसली होती. तिने फाइलीची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात तसं झालं होतं, पण ते नुसतं जिभेचं नव्हतं. मला खरोखरच वाटत होतं की हा आजार माझ्या पत्त्यावर चुकून आलाय.

डॉक्टरणीने मला एका यंत्रावर उभं केलं. दिसायला वजनकाट्यासारखं, पण हातात धरायला दोन मुठी असतात. शरीरात चरबी किती, स्नायू किती, कुठल्या पायात किती, सगळं कागदावर छापून येतं. माझा कागद बघून ती म्हणाली, ‘‘वजन कम है, ठीक है. पर अंकल, ये वजन है किस चीज़ का?’’ मग तिने समजावलं. जेवणातून जी साखर रक्तात येते, तिला ठेवून घेणारं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे स्नायू, त्यातही मांड्यांचे. माझ्या मांड्यांत कोठारच नव्हतं. आणि पोटाच्या आत, आतड्याभोवती, यकृतात चरबी बसलेली. ती चरबी इन्सुलिनला नीट काम करू देत नाही. बाहेरून सडपातळ, आतून जाड, असा मी माणूस निघालो.

मला ते पटेना. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी म्हणालो, ‘‘इनका भी देखिए.’’ मला सिद्ध करायचं होतं की यंत्र बिघडलेलं आहे.

बायको लाजत, चपला काढून, पदर खोचून वर चढली. तिच्यात चरबी भरपूर होती, ते यंत्राने लपवलं नाही. पण तिच्या पायांचे स्नायू बघून डॉक्टरणीने भुवया उंचावल्या. ‘‘आंटी, आप क्या करती हैं?’’

‘‘कुछ नहीं, घर में रहती हूँ,’’ ती म्हणाली.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. भाजी, गॅसवाल्याची हाक, गच्चीवरचं वाळवण, पाणी वर चढलं नाही की खालून बादल्या, हे सगळं ती चाळीस वर्षं करत होती. मी जिला ‘टाकी’ म्हणायचो, तिच्याच पायांत ते कोठार होतं. तिचीही साखर तपासली, ती व्यवस्थित निघाली. तिचा उजवा गुडघा मात्र दोन वर्षांपासून कुरकुरत होता. हाडांच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की बेताने चाला, जिने कमी चढा, सूज आली की थांबा. हे मला माहीत होतं. पुढे जे झालं त्याला मला काहीच माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

डॉक्टरणीने गोळ्या दिल्या आणि म्हणाली की औषध अर्धंच काम करेल. रोज चाला, विशेषतः जेवणानंतर. आणि हात न टेकता खुर्चीतून उठा-बसा, रोज दहादहा वेळा, म्हणजे मांड्यांत जोर येईल. तिथल्या तिथे करून दाखवा म्हणाली. मी तीनदा उठलो, चौथ्यांदा हात टेकला. ‘‘तीन महीने,’’ ती म्हणाली. तीन महिन्यांत साखर उतरली नाही, तर इन्सुलिनच्या सुईचा विचार करावा लागेल.

मुलीने आठवड्याभरात एक पट्टा पाठवला. मनगटावर घड्याळासारखा बांधायचा, तो पावलं मोजतो आणि फोनला कळवतो. तिने तो असा जोडून दिला की माझी पावलं तिला, जावयाला, माझ्या नागपूरच्या भावाला, सगळ्यांना रोज दिसतील. दहा हजार पावलांचं लक्ष्य तिनेच घातलं.

पहिला आठवडा मी प्रामाणिकपणे गेलो. आमच्या जवळच्या बागेत सकाळी निवृत्त मंडळी फिरायला असतात. त्यातले अर्धे मला ‘साहब’ म्हणणारे. दहा मिनिटांत माझ्या पोटऱ्या भरून आल्या. मागून आमचा किराणावाला आला, माझ्या दुप्पट आकाराचा, आणि ‘‘चलिए साहब, चलिए,’’ म्हणत पुढे निघून गेला. दुसऱ्या फेरीत त्याने मला पुन्हा गाठलं. मी बुटाची नाडी बांधायला बसलो. बुटाला नाडी नव्हती.

त्यानंतर मी बागेत जाण्याऐवजी कोपऱ्यावरच्या पोह्यांच्या टपरीवर बसायला लागलो. भोपाळात सकाळी पोहे आणि जिलेबी एकत्र खातात. मी जिलेबी घेत नव्हतो, नुसते पोहे, वर शेव जास्त, आणि चहा बिनसाखरेचा. यालाही मी पथ्य समजत होतो. पाऊण तास बसून घरी यायचो आणि जिना चढताना मोठ्याने धापा टाकायचो. धाप मात्र खोटी नसायची.

पट्ट्यावर दीड हजार, अठराशे असे आकडे यायला लागले. मुलीचा फोन, ‘‘बाबा, काय झालं? पाय दुखतात का?’’ भावाने तर अंगठा खाली केलेलं चित्र पाठवलं.

एका दिवशी आंघोळीला जाताना मी पट्टा ओट्यावर काढून ठेवला. तिथे पाणी सांडेल म्हणून बायकोने उचलून स्वतःच्या हाताला बांधला आणि विसरली. दिवसभर ती नेहमीसारखी फिरत राहिली. संध्याकाळी मुलीचा निरोप आला, ‘बाबा, नऊ हजार!! असेच चालत राहा.’ निरोपाखाली जावयाने टाळ्यांचं चित्र टाकलं होतं. खुलासा करायला एक ओळ पुरली असती. मी उलट हात जोडले, म्हणजे हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टा मी स्वतः तिच्या मनगटावर बांधला.

‘‘हे काय?’’ ती म्हणाली.

‘‘नाहीतरी तू चालतेसच. तुझी पावलं वाया जातात.’’

हे वाक्य मी बोललो. शब्दन् शब्द आठवतो. आणि ती हसली, म्हणाली, ‘‘वडाला फेऱ्या मारतेच ना मी तुमच्यासाठी. ही त्यातलीच समजायची.’’

आमच्याकडे हे असंच चालत आलंय. उपास तिने करायचा, आयुष्य मला मिळायचं. सोळा सोमवार तिचे, नोकरी माझी कायम झाली. बायकोच्या पुण्यात नवऱ्याचा अर्धा वाटा, असं माझी आई सांगायची आणि वडील मान डोलवायचे. मला देवाधर्माचं फारसं काही नाही, पण हा वाटा मी कधी नाकारला नाही. तेव्हा पावलांचाही वाटा घेतला, अर्धा नाही, सगळाच. आयत्या बिळावर नागोबा कसा निवांत बसतो ते मला आतून माहीत आहे.

पट्ट्याला काचेच्या बांगड्या लागत होत्या. म्हणून तिने डाव्या हातातल्या हिरव्या बांगड्या काढून डब्यात ठेवल्या. हात मोकळा दिसू नये म्हणून एक वर, कोपराकडे सरकवून ठेवली. तिची भिशी असते, मराठी बायकांची. त्यातल्या निम्म्या आता कोलार रोडला राहायला गेल्यात, महिन्यातून एकदा भेटतात. तिथे बायकांनी विचारलं, हे काय नवीन? तिने सांगितलं, डॉक्टरांनी दिलंय. माझी लाज राखायला ती खोटं बोलायला लागली होती. मी ते ऐकलं आणि मला बरं वाटलं.

मे महिना आला. तिने मुलीसाठी कुरडया, पापड, सांडगे घातले. सकाळी गच्चीवर पसरायचे, दुपारी उलटायचे, संध्याकाळी आणायचे. ते ऊन, तो जिना. आकडे अकरा हजारांवर गेले. मुलगी तिच्या मैत्रिणींना बाबांचं उदाहरण द्यायला लागली. मग वाळवणं संपली आणि आकडे जरा खाली आले. तेव्हाचं एक दृश्य आहे. मी कूलरसमोर खुर्चीत बसून बातम्या बघतोय. ती भांडी आवरून टेकलीये. मी मान न वळवता विचारतो, ‘‘किती झाले?’’

ती मनगट बघते. ‘‘आठ हजार सातशे.’’

‘‘मग जरा जाऊन ये ना गच्चीवर. तेराशे तर राहिले.’’

आणि ती उठते. खुर्चीच्या हाताला धरून उठते, हे मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतो. जिन्यात तिच्या चपलांचा आवाज येतो, एक पाय नीट, एक ओढत. मी बातम्यांचा आवाज वाढवतो.

असं एकदा नाही झालं. पुढचा महिनाभर जवळजवळ रोज झालं.

वटपौर्णिमा जूनमध्ये आली. इथल्या हिंदी बायका वडाची पूजा आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी, अमावस्येला करतात. आपली पौर्णिमेला. त्यामुळे हनुमानाच्या देवळामागच्या वडाला त्यांचा दोरा आधीच गुंडाळलेला असतो आणि माझी बायको दरवर्षी एकटीच, पिवळ्या पडलेल्या दोऱ्यांवरून नवा पांढरा दोरा गुंडाळत सात फेऱ्या घालते. त्या दिवशी नऊवारी नेसून, आंबे आणि दोरा घेऊन ती निघाली. उपास होता. दारात मी तिच्या हाताला पट्टा आहे ना ते पाहिलं. समोरच्या वर्माजींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालोही, ‘‘आज तो डबल फायदा है.’’

नेहमी अर्ध्या तासात येते. दीड तास झाला. मी वैतागलो, कारण मला चहा हवा होता. मग जिन्यात आवाज आला. ती कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढत होती. चेहरा घामाने थबथबलेला, कपाळावरचं कुंकू ओघळलेलं.

‘‘कुठे होतीस?’’

‘‘एकशे आठ केल्या,’’ ती म्हणाली. ‘‘म्हटलं, दोन्ही कामं होऊन जातील. संध्याकाळी मग गच्चीवर नाही जावं लागणार. गुडघा जरा भरून राहिला आहे.’’

मी तिचं मनगट हातात घेतलं. तिला वाटलं मी तिला धरतोय. मी आकडा बघितला.

या एका गोष्टीची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. पुढे दवाखान्यात जे झालं ते तर नुसतं उघडं पडणं होतं.

तीन महिने झाले. तपासणीच्या दिवशी सकाळी मी पट्टा तिच्या हातातून सोडवला आणि माझ्या हाताला बांधला. रिक्षात ती कडेला पाय लांब करून बसली.

डॉक्टरणीने फोनवरचा आलेख बघितला आणि खूश झाली. ‘‘अंकल, ग्यारह हज़ार? मेरे जवान पेशंट नहीं करते!’’ मग तिने रक्ताचा रिपोर्ट उघडला आणि तिचं हसू हळूहळू गेलं. साखर उतरली तर नव्हतीच, थोडी वाढली होती. तिने गोळ्यांचं विचारलं. घेत होतो. खाण्याचं विचारलं. पोह्यांच्या टपरीचं मी सांगितलं नाही. ती माझ्या बायकोकडे वळली. ‘‘आंटी, ये सच में चलते हैं ना?’’

‘‘हाँ, रोज़ चलते हैं,’’ बायको म्हणाली. ‘‘मैं देखती हूँ ना.’’

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. हा पट्टा येईपर्यंत या बाईला मी चाळीस वर्षांत खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. दूधवाला एक पिशवी जास्त देऊन गेला तर तीन मजले उतरून परत करणारी ती.

डॉक्टरीण पेन टेबलावर आपटत विचार करत होती. म्हणाली, एवढे कष्ट करूनही उतरत नाही, म्हणजे शरीर इन्सुलिनच पुरेसं बनवत नसणार. गोळी वाढवावी लागेल आणि सुईही सुरू करावी लागेल. तिने चिठ्ठी लिहायला घेतली. मी ‘जी’ म्हणालो. पोटात रोज सुई टोचून घ्यायला मी तयार झालो, पण खरं बोलायला तयार झालो नाही. 

‘‘एक बार मशीन पर आ जाइए,’’ ती म्हणाली.

कागद आला. पायांचे स्नायू आधीपेक्षाही कमी. ती कागद आणि फोन शेजारी शेजारी ठेवून बघत राहिली. ‘‘चलने वाले के पैर ऐसे नहीं होते,’’ ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, ‘‘आंटी, आप भी आइए.’’

बायको टेबलाला धरून उठली. दोन पावलं टाकली आणि डॉक्टरीण खुर्ची सोडून पुढे आली. तिला परत बसवलं, साडी घोट्यापासून जरा वर सरकवली आणि गुडघ्यावर अंगठा दाबला. बायकोने दात आवळले. गुडघा नारळासारखा गोल झाला होता. मी तो इतक्या उजेडात पहिल्यांदाच बघितला.

‘‘इतना कैसे सूजा? कितना चल रही हैं आप?’’

बायकोने साडी खाली ओढली. डॉक्टरणीने नाडी बघायला तिचा डावा हात उचलला आणि तसाच धरून ठेवला. उन्हाने रापलेल्या त्या मनगटावर गोरापान पट्टा उमटला होता. बरोबर तेवढ्याच रुंदीचा, मध्ये चौकोन जरा मोठा, घड्याळाच्या तोंडाएवढा. बांगड्यांच्या जागी.

माझ्याकडे वळून डॉक्टरणीने हात पुढे केला. ‘‘अंकल, ज़रा घड़ी उतारिए.’’

मी पट्टा काढला. खाली माझं मनगट सगळीकडे सारखंच होतं.

त्या क्षणी मला तो उपयंत्री पोरगा आठवला. त्याने भिंत तरी खुर्चीत बसून मोजली होती. मी दुसऱ्याच्या अंगावर फीत लावून स्वतःचं माप लिहीत होतो आणि ज्याच्या अंगावर फीत लावली त्याचा गुडघा फुटेपर्यंत लिहीत होतो.

डॉक्टरणीने चिठ्ठी फाडली नाही, ओरडलीही नाही. मी हाताखालच्यांशी जसा वागायचो तशी ती वागली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने लिहिलेल्या दोन ओळींवर रेघ मारली. म्हणाली, सुई घेणं काही वाईट नाही, पुष्कळांना लागते, तुम्हालाही कधी लागेल. पण मी खोट्या चालण्यावर डोस ठरवत होते. उद्या मनात येऊन तुम्ही खरंच तासभर चालला असता, तर साखर एकदम खाली येऊन रस्त्यात पडला असता. मग तिने बायकोला सहा आठवडे जिना बंद सांगितला आणि गुडघ्याचा व्यायाम पलंगावर बसून करायचा दाखवला. शेवटी मला म्हणाली, ‘‘जो चलता है, शुगर उसी की उतरती है, अंकल. ये किसी और के नाम नहीं होता.’’

परत येताना तीन मजले चढायला आम्हाला पाव तास लागला. मी तिच्या मागे होतो, पडली तर धरता यावं म्हणून. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली. मी म्हणालो, ‘‘माझं चुकलं.’’ असं मी तिला कधी म्हटलं नव्हतं, त्यामुळे आवाज कसातरीच निघाला.

‘‘लेकीला नका सांगू,’’ ती म्हणाली. ‘‘तिला वाईट वाटेल. खूप खूश होती ती.’’

पण सांगावं लागलंच. पट्टा आता माझ्याच हाताला होता आणि अकरा हजारांवरून आकडा दोन हजारांवर आला होता. दुसऱ्याच दिवशी मुलीचा घाबरून फोन आला. झाकली मूठ उघडणं एवढं जड असतं हे मला माहीत नव्हतं. मी सगळं सांगितलं, टपरीचं, बांगड्यांचं, एकशे आठ फेऱ्यांचं. मग तिने विचारलं, ‘‘आईचा गुडघा कसा आहे आता?’’ माझ्या साखरेचं तिने त्या दिवशी विचारलं नाही, आणि तेच बरोबर होतं.

आता मी चालतो. बागेत किराणावाला पुढे जातो, जाऊ देतो. भाजी मी आणतो, गच्चीवर कपडे मी टाकतो. दोन्ही वेळच्या जेवणानंतर गच्चीवर फेऱ्या घालतो. खुर्चीतून हात न टेकता सहा वेळा उठता येतं, सातव्यांदा मांड्या लटपटतात. साखरेचं पुढच्या तपासणीत कळेल. ‘टाकी’ हा शब्द मी सोडून दिलाय. तिने ते लक्षात आल्याचं दाखवलेलं नाही.

पण त्या पहिल्या दिवसाचं सांगतो. दवाखान्यातून आलो त्याच संध्याकाळी मी गच्चीवर गेलो. ऊन उतरलं होतं, तरी फरशी तापलेली होती. पंधरा मिनिटांत छाती भरून आली. उतरताना पाय थरथरत होते, जिन्यात दोनदा बसलो. घरात आलो तर बायको माझ्या खुर्चीत, पाय स्टुलावर ठेवून, गुडघ्याला शेक घेत बसली होती. समोर बातम्या चालू होत्या.

मी दारात उभा राहिलो. ती विचारेल याची वाट बघत होतो. तिने विचारायलाच हवं होतं, तिचा हक्क होता, आणि तिने विचारलं असतं तर माझा थोडा तरी भार उतरला असता. तिने टीव्हीचा आवाज कमी केला आणि माझ्याकडे पाहिलं.

‘‘दोन हजार चाळीस,’’ मी न विचारताच सांगितलं.

‘‘असू द्या,’’ ती म्हणाली. ‘‘बसा आधी. पाणी प्या.’’

‘किती झाले’ असं तिने त्या दिवशी विचारलं नाही, आणि अजूनपर्यंत एकदाही विचारलेलं नाही.